विहिरीला बूच आणि समुद्राला नळ!

मुंबईच्या महापालिकेने खारा समुद्र गोडा करण्याचा संकल्प सोडला आहे, हे वाचकांच्या कानावर आलेच असेल. मालाडच्या मार्वे धक्क्यावर होडीत बसले म्हणजे खाडीपलीकडे मनोरी लागते. त्या मनोरीत सुमारे १२ हेक्टर सरकारी जमिनीवर हा कारखाना उभा करावयाचा. २०२१ च्या जून महिन्यात इस्रायलच्या आय. डी. ई. कंपनीशी त्याचा आराखडा करून घेण्याचा करार झाला. त्या वेळी जाहीर झालेला हिशेब असा की, दररोज २०० दशलक्ष लिटर गोडे पाणी निघेल, पुढे ते ४०० दशलक्षांपर्यंत वाढविता येईल. उभारणीला १६०० कोटी रुपये लागतील आणि वीस वर्षे चालविण्याला १९२० कोटी. बेरीज ३५२० कोटी. त्यानंतरची वर्षे निविदा, मुदतवाढ आणि फेरनिविदा यांत गेली. पाण्याचा पहिला थेंब निघण्यापूर्वीच खर्चाच्या आकड्याला मात्र भरती आली.

आणि याच मालाडात, याच मालवणी-कुरारच्या वाड्यांत, किती विहिरी सिमेंटच्या लादीखाली जिवंत पुरल्या आहेत, याची चौकशी करण्यास कोणाला सवड नाही. विहिरीला बूच मारायचे आणि समुद्राला नळ बसवायचा, असा हा नव्या शहाण्यांचा व्यवहार आहे. त्याबद्दल चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथमच सांगून टाकतो, आम्ही यंत्राचे वैरी नाही. शाहू छत्रपतींनी राधानगरीचे धरण हाती घेतले तेव्हा ते मोठेच काम होते, खर्चाचेही होते, आणि त्या पाण्याने कोल्हापूरच्या रयतेचे कल्याण झाले. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० साली, तुळशीचे १८७९ साली आणि तानशाचे १८९२ साली मिळाले. त्या नळांनी पटकीपासून लाखो जीव वाचविले. तेव्हा कोणी आम्हाला ‘बैलगाडीवाले’ म्हणून हिणविण्याची तसदी घेऊ नये. आमचा प्रश्न एवढाच आहे की, जे काम दोरी-पोहऱ्याने, फार तर एका लहान पंपाने होते, त्याला तीन हजार कोटींचे यंत्र कशाला? आणि त्या यंत्राची किल्ली कोणाच्या कमरेला राहणार?

हे यंत्र काय करते ते आधी समजून घेऊ. समुद्राचे पाणी ओढून घ्यायचे, गाळायचे, आणि मग अतिशय मोठ्या दाबाने अत्यंत बारीक छिद्रांच्या पडद्यांतून पिळून काढायचे. हा दाब आपल्या नळाच्या पाण्याच्या दाबाच्या कित्येक पट असतो. पडद्याच्या अलीकडे मीठ राहते, पलीकडे गोडे पाणी जाते. शंभर लिटर खारे पाणी घेतले तर चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडे मिळते. उरलेले पंचावन्न-साठ लिटर जवळजवळ दुप्पट खारट होऊन पुन्हा समुद्रात जाते. म्हणजे २०० दशलक्ष लिटर गोड्या पाण्यासाठी रोज सुमारे अडीचशे दशलक्ष लिटर किंवा त्याहून जास्त मिठवणी मनोरीच्या दर्यात सोडावे लागणार. ज्यांच्या बापजाद्यांनी याच पाण्यात डोल लावली आणि याच किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळविले, त्या मनोरी, गोराई, मढच्या कोळी बांधवांना त्याचा घोर लागला तर नवल काय? आराखड्यात त्या मिठवण्याला ‘समुद्रात विसर्ग’ असे सभ्य नाव मिळते. गणपती विसर्जन करावा तसे!

आता विजेचा हिशेब. असे हजार लिटर पाणी काढण्यास तीन ते चार युनिट वीज जळते. मध्यम धरून साडेतीन घ्या. २०० दशलक्ष लिटरांना रोज सात लाख युनिट झाली. मालाडच्या चाळीतले एक घर महिन्याला शंभर युनिट जाळते असे धरले, तर ही दोन लाख दहा हजार घरांची वीज झाली. आणि इथेच एक गंमत आहे. चालविण्याचा खर्च वीस वर्षांना १९२० कोटी, म्हणजे वर्षाला ९६ कोटी. वर्षभरात पाणी निघेल ७ कोटी ३० लाख घनमीटर, म्हणजे तितकी हजार लिटरे. भागाकार केला तर हजार लिटरांना सुमारे तेरा रुपये पडतात. आता विजेचा भाव युनिटला सात रुपये धरला, तर नुसत्या विजेलाच साडेचोवीस रुपये लागतात! कोणी म्हणेल, सूर्याची स्वस्त वीज घेऊ. घ्या. तीन रुपये धरा. तरी साडेदहा रुपये विजेतच गेले. उरलेल्या अडीच रुपयांत काही वर्षांनी बदलावे लागणारे पडदे, औषधे, पगार, दुरुस्ती आणि कंत्राटदाराचा नफा हे सारे बसवायचे. वाण्याच्या दुकानातला पोरगासुद्धा असा हिशेब मांडून मार खाईल. हे आकडे आमच्या पदरचे नाहीत. जाहीर झालेलेच भागून पाहिले.

यावर उत्तर मिळते: “पाऊस लहरी आहे, समुद्र आटत नाही. दुष्काळ पडला तर काय कराल?” प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. म्हणून चेन्नईकडे पाहू. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० साली आणि नेम्मेली येथे २०१३ साली असे दोन कारखाने उभे राहिले, प्रत्येकी १०० दशलक्ष लिटरांचे. म्हणजे आपल्याला मनोरीत जेवढे हवे तेवढेच पाणी त्यांना मिळत होते. तरीही २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईचे तलाव कोरडे पडले, बाया-बापड्या घागरींच्या रांगा लावून टँकरची वाट पाहत बसल्या आणि साऱ्या जगाने त्या शहराची छायाचित्रे छापली. यंत्रांनी पाणी दिले नाही असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी दिले, पण शहराची तहान त्यावर भागली नाही. त्याच चेन्नईत २००३ साली प्रत्येक घराला पावसाचे पाणी जिरविण्याची सक्ती झाली होती. ती जिथे मनापासून पाळली गेली तिथल्या विहिरींचे पाणी वर आले आणि जिथे नुसता पाइप दाखवून कागद मिळविला तिथे काहीच आले नाही. ऑस्ट्रेलियात याची दुसरी बाजू दिसली. मेलबर्नजवळ वॉन्थॅगी येथे दुष्काळाच्या भीतीने प्रचंड कारखाना बांधला. तो २०१२ साली पुरा होईतो पाऊस पडून धरणे भरली होती. २०१६ सालापर्यंत त्याचे पाणी कोणी मागविलेच नाही. पण करार तो करार! पाणी घ्या वा न घ्या, दरवर्षीचा ठरलेला पैसा जनतेने मोजला.

मुंबईत तर याहून मौज होणार. जुलै महिन्यात आभाळ फाटल्यासारखे कोसळत असेल, मालाडचा भुयारी मार्ग पाण्याने भरून बंद पडला असेल, आणि त्याच दिवशी खाडीपलीकडे सात लाख युनिट वीज जाळून समुद्र पिळण्याचे काम चालू असेल! कारण यंत्र बंद ठेवले तरी त्याचा खर्च बंद होत नाही.

आता त्या फुकट पाण्याकडे वळू. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस मोजला जातो. मालाडला त्याहून फारसा वेगळा नाही. शहराची जमीन साडेचारशे चौरस किलोमीटर धरली, तर वर्षाकाठी जे पाणी आभाळातून पडते त्याची रोजची सरासरी २८०० दशलक्ष लिटरांच्या घरात जाते. ते सगळे अडविता येणार नाही हे आम्हालाही कळते. दहावा हिस्सा अडविला तरी रोजचे २८० दशलक्ष लिटर झाले. मनोरीच्या कारखान्यापेक्षा ऐंशी दशलक्ष लिटर जास्त, आणि त्याला ना पडदा, ना इस्रायल.

एका इमारतीचा दाखला घ्या. गच्ची पाचशे चौरस मीटर, बिऱ्हाडे अठ्ठावीस, दर बिऱ्हाडी पाच माणसे. गच्चीवर पडलेल्या पावसातला पाचवा हिस्सा वाया गेला म्हणून सोडून दिला, तरी ९ लाख २० हजार लिटर पाणी हाती लागते. माणशी १३५ लिटरांचा पालिकेचा दंडक धरला, तर हे पाणी त्या इमारतीला अठ्ठेचाळीस दिवसच पुरेल, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण १३५ लिटरांतले पिण्या-रांधण्याला किती लागते? संडास, फरशी आणि धुणे यांतले माणशी ४५ लिटर या पाण्यातून भागविले, तर तेच पाणी १४६ दिवस पुरते. चार महिने ते आले तसे वापरावे, उरलेले विहिरीत सोडावे. आज तानशा-वैतरणेवरून शंभर किलोमीटर आणलेले, गाळून शुद्ध केलेले पाणी आपण संडासात ओततो आणि ज्या शहापूर तालुक्यातून ते येते तिथल्या बाया उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. याला सुधारणा म्हणतात!

नियम नाहीत असे नाही. २००२ साली पालिकेने १००० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींना पाऊसपाणी साठविण्याची सक्ती केली. २००७ साली ती मर्यादा ३०० चौरस मीटरांवर आणली. ही चाल योग्य दिशेने होती. पुढे २०१८ च्या नियमावलीत ती पुन्हा ५०० वर गेली. पाऊस तोच, गच्ची तीच, नियम मात्र मागे सरकला. कोणाच्या सोयीसाठी सरकला ते बांधकामवाल्यांना पुसावे.

आणि गळती? शहराला रोज सुमारे ३९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्याचा चौथा हिस्सा गळतीत आणि चोरीत जातो, हे पालिकेच्याच तोंडून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. चौथा हिस्सा म्हणजे साडेनऊशे दशलक्ष लिटरांहून अधिक. मनोरीसारखे जवळजवळ पाच कारखाने रोज गटारात वाहून जातात! भोक पडलेल्या रांजणात सोन्याच्या तांब्याने पाणी ओतणाऱ्या गृहस्थाला खेड्यात काय म्हणतात, ते छापण्याजोगे नाही.

मग हे साधे काम कोणाला का रुचत नाही? कारण साध्या कामात मध्यस्थाला जागा नसते. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, तेव्हा त्यांचे मुख्य म्हणणे हेच होते की, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. आज आभाळ आणि माणूस यांच्यामध्ये नवा पुरोहित बसला आहे. पूर्वीचा पंचांग उघडून मुहूर्त सांगे. हा संगणक उघडून ‘व्यवहार्यता अहवाल’ सांगतो. पूर्वीचा संस्कृतात बोले, म्हणून कळत नसे. हा इंग्रजीत बोलतो, म्हणून कळत नाही. दक्षिणा मात्र दोघांनाही आधी द्यावी लागते आणि पाऊस पडला नाही तर दोष यजमानाचा! गळका नळ बदलण्याचे काम एक प्लंबर आणि दोन बिगारी करतात. त्याचे उद्घाटन करायला मंत्री येत नाही, परदेशदौरा निघत नाही, कोनशिला बसत नाही. विहिरीचा गाळ काढला तर फोटो तरी कसला काढायचा? चिखलाने माखलेल्या मजुराचा!

मालाड १९५७ साली बृहन्मुंबईत आले. त्याआधी ही साष्टीतली गावे होती. मालवणी, मार्वे, आक्से, एरंगळ, कुरार, दिंडोशी, वळनाई. भातखाचरे, ताडामाडांच्या वाड्या, भाजीचे मळे. आणि मळ्याला विहीर. मोटेचे पाणी पाटाने खेळे. याच गावाच्या खाणीतल्या पिवळसर दगडाने मुंबईच्या मोठमोठ्या इमारती सजल्या. पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला तो ‘मालाड दगड’ लावला आहे. दगड मुंबईला गेला, पाठोपाठ मुंबई मालाडला आली आणि येताना नळ घेऊन आली. नळ आला तेव्हा आनंदच झाला. बायकांच्या हाताचे घट्टे गेले. पण नळाच्या भरवशावर विहिरींत राडारोडा टाकण्याचे काय कारण होते? घरात नवी सून आली म्हणून म्हातारीला कोणी पुरून टाकतो काय?

विहिरींवर आळ आला तो डासांचा. १९११ च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी मुंबई बेटातल्या हिवतापाचा तपास करून दाखवून दिले की, हिवतापाचा डास विहिरींत वाढतो. मग विहिरी झाकण्याची मोहीम निघाली. डॉक्टरांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु डासाला विहिरीत उतरू न देण्यास बारीक जाळी पुरते आणि उतरलाच तर त्याच्या अळ्या गप्पी मासे खातात. चर्चगेटजवळची भिकाजी बेहराम यांची विहीर १७२५ सालची. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिचे पाणी गोडे. पारशी मंडळींनी ती श्रद्धेने राखली, म्हणून ती आजही आहे. श्रद्धेने राखता येते ते अकलेने राखता येऊ नये काय?

परंतु जुन्या विहिरीचे गोडवे गाताना आम्हाला एक गोष्ट विसरता येत नाही आणि वाचकांनीही विसरू नये. जुनी विहीर म्हणजे नुसते पाणी नव्हे. तिच्या काठावर पहारा होता. आमच्यातल्याच किती जणांच्या आज्या-पणज्या घागर खाली ठेवून, कोणी वरून ओतील का म्हणून तासन् तास उन्हात बसल्या! जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा जातीचे लोकही त्यांच्यावर उलटले. भंडारी समाजाचे पुढारी सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडून मंजूर करून घेतला. तरीही महाडचे तळे खुले होईना, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना स्वतः ओंजळ भरावी लागली. म्हणून “जुने ते सोने” असे जे गुळगुळीत बोलतात त्यांच्या पंगतीत आम्हाला बसवू नका. विहीर जुनी हवी आहे, तिच्यावरचा पहारेकरी नको आहे.

आणि सांप्रत पहारेकरी बदलला आहे एवढेच. २०२५ च्या एप्रिल महिन्यात मुंबईच्या टँकरवाल्यांनी संप केला. भूजल काढण्याच्या केंद्रीय परवानगीचे नियम त्यांना जाचक वाटले होते. चार-पाच दिवसांत सोसायट्यांची पळापळ झाली आणि पालिकेला आपत्तीचा कायदा पुढे करावा लागला. त्या वेळी एक साधा प्रश्न कोणी पुसला नाही: या टँकरांत पाणी कोठून येते? समुद्रातून? ते विहिरींतून आणि कूपनलिकांतून येते! म्हणजे “मुंबईच्या विहिरी मेल्या” ही निव्वळ थाप आहे. विहिरी जिवंत आहेत. फक्त त्यांच्या तोंडाशी जातीच्या पहाऱ्याऐवजी पैशाचा पहारा बसला आहे. सार्वजनिक विहीर बुजते आणि खाजगी विहीर सोने ओकते, हा योगायोग आम्हाला तरी पटत नाही.

मालवणीच्या अंबुजवाडीत जाऊन पाहा. तिथल्या गरिबाने एका कॅनला मोजलेला पैसा आणि टॉवरातल्या साहेबाने पालिकेला भरलेला पैसा, दोन्ही हजार लिटरांच्या भावाने मांडून पाहा. गरीबच श्रीमंताहून महाग पाणी पितो असे दिसेल. इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर आणि झोपडीतल्या माणसाला ४५ लिटर, असा पालिकेचा जुना दंडक. माणसाच्या तहानेलाही वर्ण लावणारे हे शास्त्र कोणत्या स्मृतीत सापडले ते आम्हास ठाऊक नाही. पाणी हक्क समितीच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ च्या डिसेंबरात सांगितले की, वस्ती अनधिकृत आहे एवढ्यावरून माणसाला पाणी नाकारता येत नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. न्यायालयाने सांगितले, नळाने ऐकले पाहिजे ना! मनोरीचे पाणी निघाले तर ते या अंबुजवाडीच्या उशाशीच निघेल, आणि तिच्या अंगावरून पुढे जाईल, अशी आम्हाला भीती आहे. महाग पाणी महाग गिऱ्हाइकाकडेच धावते. विहिरीचे पाणी मात्र जिथल्या तिथे राहते. ते वर चढून टॉवरात जाऊ शकत नाही, हा तिचा सर्वात मोठा गुण!

पाणी अडवायचे सोडून पाण्याशी वैर धरले म्हणजे काय होते, हेही मालाडने पाहिले आहे. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यात त्यांनी सरकारला सांगितले होते की, पलटणीतल्या व पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून घ्या; पावसाचे पाणी शेताशेतांत मुरू द्या आणि मग ओढ्याला मिळू द्या. १ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर मालाडच्या टेकडीवर याच्या नेमके उलटे घडले. जलाशयाच्या आवाराभोवती पालिकेने बांधलेली भिंत, बांधून फार वर्षेही झाली नव्हती. टेकडीचे पाणी तिच्या मागे तुंबले, त्याला पुरेशी वाट नव्हती. भिंत फुटली आणि खालच्या पिंपरीपाड्यावर आली. तीसच्या आसपास माणसे गेली, त्यात निजलेली पोरे होती. वर लाखो लोकांच्या नळाचे पाणी साठलेले, खाली ज्यांच्या घरात नळ नीट येत नाही ती माणसे, आणि मध्ये सिमेंटची भिंत. त्या उतारावर चार चर, दोन बांध आणि एक लहानसे तळे कोणाला सुचले नाही. सुचले असते तर ते अहवालात शोभले नसते.

काही सज्जन म्हणतात की, गारगाईचे धरण बांधून चार लाखांवर झाडे तोडण्यापेक्षा आणि आदिवासींची गावे उठविण्यापेक्षा समुद्राचे पाणी बरे. आदिवासी उठू नयेत हे आमचेही म्हणणे आहे. पण धरण की यंत्र, असा दोनच दारांचा वाडा आम्हाला कोणी दाखवू नये. तिसरे दार अंगणातच आहे. त्यावर लादी ठोकली आहे.

लादीवरून आमच्याच वाडीतली हकिगत सांगतो. आमच्या इमारतीत टाकी भरली की नाही हे कळण्यासाठी पूर्वी एक रिकामा डबा होता; टाकीत तरंगे, त्याची दोरी गच्चीवरून खाली लोंबे आणि दोरीच्या टोकाला बांधलेली विटकर पाणी किती ते सांगे. खर्च शून्य. दोन वर्षांपूर्वी कमिटीने तो डबा काढून स्वयंचलित यंत्र बसविले. टाकी भरली की सेक्रेटरींच्या मोबाईलवर घंटा वाजे. गेल्या जुलैत ऐन पावसात ते यंत्र बिघडले. पंप सुरू होईना. हाताने सुरू करायचा खटकाच त्यात ठेवलेला नव्हता. कंपनीचा माणूस “आज येतो, उद्या येतो” करीत चार दिवस आला नाही. वरून धो धो पाऊस आणि घरात कोरडे नळ! तळमजल्यावर एक जुने भंडारी गृहस्थ राहतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते म्हणाले, “गाड्या लावता त्या लादीखाली विहीर आहे. माझ्या आज्याने खणलेली.” सेक्रेटरी हसून म्हणाले, “तात्या, ती केव्हाच मेली.” तात्या म्हणाले, “अरे, मेली असती तर तोंड कशाला बांधलं असतंत?”

पहार आणून लादी सरकविली. आठ हात खाली पाणी होते. दोन दिवस उपसून गाळ काढला. गाळात तीन घागरी, एक सायकल आणि निवडणुकीचे बॅनर निघाले. ते पाणी पिण्याचे नव्हे, हे स्पष्ट सांगतो. शहरात गटारांचा भरवसा नाही आणि खाडीजवळच्या विहिरीचा वाजवीपेक्षा जास्त उपसा केला तर खारे पाणी आत येते. पिण्याचे पाणी आम्ही विकतच आणले. पण धुणी, भांडी आणि संडास यांची सोय झाली. गच्चीचा पाइप आता वाळू-खडीच्या खड्ड्यातून विहिरीत सोडला आहे, तोंडावर डासांची जाळी आहे, आत गप्पी मासे आहेत. शेजारच्या चाळीचा नळ जाईल तेव्हा त्यांनाही पाणी द्यावे की नाही, यावर कमिटीत कडाक्याचे भांडण झाले. “आमची विहीर, आमचा खर्च” असे म्हणणाऱ्यांत काल-परवापर्यंत टँकरवाल्याला शिव्या देणारेच पुढे होते. तात्यांनी एवढेच विचारले की, आज्याने खणली तेव्हा तुम्ही कुठे होतात? ठराव एका मताने मंजूर झाला. एका मताने!

तेव्हा पालिकेकडे आमची मागणी अशी आहे की, पी-उत्तर आणि पी-दक्षिण विभागांतील प्रत्येक सार्वजनिक विहिरीची यादी विभाग कार्यालयाच्या दारावर मराठीत लावावी. कोणती चालू, कोणती बंद, कोणी बंद केली आणि कोणाच्या हुकमाने, हे त्यात असावे. मनोरीच्या कंत्राटावर सही होण्यापूर्वी गळतीवर गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला आणि किती पाणी वाचले, तो हिशेब सभेपुढे ठेवावा. नगरसेवक मते मागायला येतील तेव्हा त्यांना रस्त्याच्या आधी विहिरीचे पुसावे.

पालिका यादी लावीपर्यंत आम्ही आपली यादी सुरू करतो. मालाड, मालवणी, मार्वे, कुरार, ओर्लेम, चिंचोली येथील वाचकांनी आपल्या वाडीतल्या बुजविलेल्या वा झाकलेल्या विहिरीची जागा, ती शेवटची केव्हा वापरात होती आणि आज तिच्यावर काय उभे आहे, एवढे पोस्टकार्डावर लिहून धाडावे. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावे. नकाशात सापडणार नाही. आलेली पत्रे आम्ही जागेच्या मानाने दर अंकी छापू.